न विचारता घेतलेले छायाचित्र

सौंसरच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या टेबलावर एकतीस वर्षे काम करून प्रमिलाबाई सोमकुवर निवृत्त झाल्या. या काळात सहस्रावधी नावे त्यांच्या लेखणीखालून गेली. नाव अर्धे सांगणाऱ्याला त्या परत पाठवीत नसत. समोर बसवून, पाणी देऊन, पित्याचे वा पतीचे, गावाचे नाव काढून घेत आणि मगच नोंदवहीत शाई टेकवीत. मनुष्य जगात आला किंवा जगातून गेला, याची साक्ष आपल्या अक्षराने राहणार आहे, ही जाणीव त्यांना कोणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या ठायी उपजतच होती.

राज्य हिंदी भाषकांचे, म्हणून कचेरीतले सारे लेखन हिंदीत. घरची बोली मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात त्यांनी मराठीत एक ब्लॉग सुरू केला आणि त्याला ‘वेचणी’ असे नाव दिले. कापसाच्या जिनिंगमधल्या बायका, संत्र्यांच्या पेट्यांसाठी गवत अंथरणारे हात, आटलेल्या सार्वजनिक विहिरी, विहारातली पहिली ग्रंथपेटी असे विषय त्या घेत. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा आणि नागपूर मिळून दोनशेच्या आसपास वाचक जमले. एवढ्यात त्या संतुष्ट होत्या.

पहिले वर्षभर त्या लेखांना छायाचित्र नव्हते. वीज मंडळातून निवृत्त झालेले त्यांचे पती उत्तमराव एकदा म्हणाले, “नुसतं लिवलेलं कोण वाचते? पेपरातही लोक आधी फोटो पाहते, मंग बातमीले हात लावते.”

“तुमी तरी वाचता का?”

“मी त तू वाचून दाखवतं तवा आयकतो. मले सुटका कोठी हाय?”

तेव्हापासून प्रमिलाबाई छायाचित्रांच्या शोधाला लागल्या. आणि ज्या निष्ठेने त्या नोंदवही सांभाळीत, त्याच निष्ठेने त्यांनी हा विषयही अभ्यासला. आंतरजालावर काही भांडारे अशी आहेत की जिथे छायाचित्रकार आपली चित्रे स्वेच्छेने सर्वांसाठी ठेवून देतात, हे त्यांना कळले. प्रत्येक चित्राखाली दात्याची अट लिहिलेली असते. कोणी म्हणतो, माझे नाव लिहा आणि खुशाल वापरा. कोणी म्हणतो, विक्रीच्या कामी वापरू नका. कोणी म्हणतो, चित्रात फेरफार नको. कोणी तर काहीच मागत नाही. या अटी त्यांनी एका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घेतल्या, आणि कोणते चित्र कोठून, कोणाचे, कोणत्या अटीवर घेतले याची नोंद त्या तारखेनिशी ठेवू लागल्या.

प्रमाद अर्थातच घडले. संत्र्यावरील लेखाला त्यांनी एका परदेशी दात्याचे सुंदर चित्र लावले, तर लोधीखेड्याच्या एका वाचकाने लगेच कळवले, ‘मॅडम, हे आपले संत्रे नव्हे. याची साल आतल्या गराला चिकटून आहे. आपल्या संत्र्याची साल ढिली असते, अंगठा लावला की सुटते.’ प्रमिलाबाईंनी त्याच सकाळी बाजारातून पाव किलो संत्री आणली, खिडकीपाशी पांढऱ्या टॉवेलवर मांडली आणि मोबाइलने स्वतःच चित्र काढले. ते बरे आले. ज्या वस्तूला आपण हात लावू शकतो, तिचे चित्र मागायला फार दूर जाऊ नये, असे त्यांनी वहीत लिहून ठेवले.

परंतु हात लावता येणार नाही अशी एक मूर्ती होती. ती त्यांची आई, जयवंता.

जयवंताबाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचीत राहिल्या. त्यांचे छायाचित्र म्हणून जगात एकच होते, मतदार ओळखपत्रावरचे, नखाएवढे. बारा वर्षांपूर्वी त्या वारल्या तेव्हा यादीतून नाव कमी करण्यासाठी ते ओळखपत्र प्रमिलाबाईंनी स्वतःच्या हातांनी जमा केले. नियम तसा होता, आणि नियम पाळताना त्यावरच्या चित्राची प्रत काढून घ्यावी हे त्यांना सुचले नाही. वीस जानेवारी हा आईचा स्मृतिदिन. या वर्षी त्या दिवशी आईवरचा लेख वाचकांपुढे असावा आणि त्याच्या माथ्यावर तिची काही तरी खूण असावी, ही त्यांची एकच इच्छा होती. आई नसली, तरी आईसारखी कोणी.

डिसेंबरभर त्यांनी सारी मुक्त भांडारे धुंडाळली. कापूस वेचणाऱ्या स्त्रिया पुष्कळ सापडल्या. कोठे यंत्रे होती, कोठे डोक्याला निराळ्या तऱ्हेचे रुमाल, कोठे पाठीवर लांब पिशव्या. पण कमरेला लुगड्याचा तुकडा बांधून पुढे केलेली झोळी, जिला आपल्याकडे ओटी म्हणतात आणि जी भरत आली की बाई गर्भवतीसारखी सावकाश चालू लागते, ती कोठेही दिसेना.

“साऱ्या दुनियेत कापूस वेचणारी बाई भेटून राहिली,” उत्तमराव म्हणाले, “पण तुह्या मायसारखी काही भेटत नाही.”

शेवटी भांडारे सोडून त्यांनी सरळ सर्वसाधारण शोध घेतला. शेतीच्या बातम्या देणाऱ्या कुठल्याशा पानावर ते छायाचित्र होते. कलत्या उन्हात एक स्त्री वाकलेली, डोक्यावर पदर, चेहरा अर्धा दिसणारा, आणि पुढे पांढरीशुभ्र भरलेली ओटी. खाली ना छायाचित्रकाराचे नाव, ना स्त्रीचे. प्रमिलाबाईंनी वही उघडली. अटीच्या रकान्यात लिहायला काही नव्हते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि लिहिले, ‘सरवा’.

पीक निघून गेल्यावर शेतात जे उरते, त्याला सरवा म्हणतात. राहून गेलेली बोंडे, सुटलेल्या शेंगा गरिबाघरच्या बायका वेचून नेतात आणि मालक हरकत घेत नाही. जयवंताबाईंनी कित्येक वर्षे घरची तुरीची डाळ सरव्यावर भागवली होती. आंतरजालावर निनावी पडलेले चित्र हाही एक सरवाच, असे लेकीला वाटले. चित्र लेखावर चढले. त्याखाली त्यांनी लिहिले, ‘ही माझी आई नव्हे. ही एक अनामिक मजूर स्त्री. पण माझी आई अशीच होती.’ स्मृतिदिनापर्यंत धीर न निघून एक जानेवारीलाच लेख प्रसिद्ध झाला आणि वाचकांनी तो एकमेकांना पाठवला. चार तारखेला प्रमिलाबाईंना एक निरोप आला.

‘नमस्कार. तुमच्या लेखावरचा फोटो मी काढलेला आहे. त्यातली बाई माझी आई आहे, मनकर्णा भगवंतराव खवसे, राहणार तिगाव. ती मागच्या पावसाळ्यात वारली. तुम्ही तिला अनामिक मजूर लिहिले. बाबांनी ते पाहिले. दोन दिवसांपासून ते घरात कोणाशी बोलले नाहीत. दामिनी खवसे.’

प्रमिलाबाईंनी पाच मिनिटांच्या आत चित्र काढून टाकले आणि तसे दामिनीला कळवले. विहारात रोज सकाळी त्या पंचशील ग्रहण करीत. त्यातले दुसरे शील चोरी करू नये एवढ्यावर थांबत नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, असे ते सांगते. हा भेद त्यांना शब्दाने ठाऊक होता. अर्थाने तो आज उमगला.

“काढला ना फोटो?” उत्तमराव म्हणाले. “मंग झालं. आता तिगावले जाऊन काय करशीन? चार शिव्या आयकशीन.”

“नोंद चुकली त मी कधी चुपचाप खोडली का जी? माणसाले समोर बसवूनच दुरुस्त केली.”

“इथं समोर तुलेच बसा लागन.”

“बसीन.”

दोघे बसने पांढुर्ण्याला आणि तेथून ऑटोने तिगावला गेले. खवसे यांच्या अंगणात संत्र्यांची निवड चालली होती, मोठी एकीकडे, बारीक दुसरीकडे. भगवंतराव बाजेवर बसले होते. सत्तरी गाठलेला, उंच, सुकलेला मनुष्य. दामिनीने पाणी आणून दिले. ती तीस वर्षांची, पांढुर्ण्यात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून देणारी मुलगी. भगवंतरावांनी पाहुण्यांकडे पाहिले नाही.

“तुमीच का त्या लिवणाऱ्या?”

“हो जी.”

“माह्या घरच्या बाईले मजूर काहून केलं तुमी? सोळा एकराची मालकीण होती ते. सोताच्या वावरात सोताचा कापूस वेचून राहिली होती.”

प्रमिलाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. “भाऊ, न विचारता फोटो घेतला आणि नाव न शोधता अनामिक लिवलं, ह्याची माफी मागाले आली मी. हात जोडून मागतो. पण मजूर म्हटलं ह्याची मागत नाही. माही माय मजूर होती. तिच्या जागी म्हणूनच तुमच्या घरच्या बाईले मी वर बसवलं होतं, खाली नाही.”

उत्तमरावांनी आपल्या चपला किती अंतरावर आहेत ते पाहून ठेवले.

भगवंतराव म्हणाले, “मंग विचारलं काहून नाही?”

प्रमिलाबाईंनी काही न लपवता सांगितले. चित्राखाली नाव नव्हते. वाटले, कोणाचे नाही. वहीत सरवा असे लिहिले.

“सरवा?” भगवंतराव प्रथमच त्यांच्याकडे वळले. “बाई, सरव्यालेही वावराच्या कडेले, धुऱ्यावर उभं राहून आवाज द्या लागते. ‘येऊ का जी?’ म्हणून. मालक हो म्हणते, मंग बाई वावरात पाय ठेवते. तुमच्या मायनं शिकवलं नाही हे?”

“शिकवलं होतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मी लहान असताना तिच्या संगं धुऱ्यावर उभी राहत होती. मीच विसरली.”

या उत्तराने अंगणातला ताण काहीसा सैल झाला. भगवंतरावांनी दामिनीला चहा ठेवायला सांगितले. दामिनीने त्याआधी संगणक बाहेर आणला आणि मूळ छायाचित्र दाखवले. ते प्रमिलाबाईंनी घेतले होते त्याहून रुंद होते. उजव्या कोपऱ्यात दामिनीचे नाव बारीक अक्षरांत होते.

“कोणीतरी हा कोपराच कापून टाकला, काकू. नाव दिसत नाही म्हणजे मालक नाही, असं नसते. खाली काहीच लिहिलेलं नसलं तर घेऊ नये, असंच समजायचं. शोधात फोटोच टाकायचा, शब्द नाही. मग तो आधी कोणाच्या पानावर आला ते बहुतेक वेळा सापडते. सापडला की त्याला दोन ओळी लिहायच्या.”

“अन उत्तर नाही आलं त?”

“तर नाही घ्यायचा.”

प्रमिलाबाईंनी हे वहीत उतरवून घेतले. दामिनी ते पाहत होती. ती म्हणाली, “आता तुम्ही विचारून राहिल्या, तर मी देते. आईचं नाव लिहा, माझं लिहा. तुमच्या लेखावर लावा परत.”

ज्यासाठी महिनाभर शोध केला, ते आता रीतसर समोर ठेवले गेले होते. स्मृतिदिनाला दोन आठवडे होते. प्रमिलाबाईंनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

“पोरी, आता हा फोटो मनकर्णाबाईंचा झाला. माह्या मायच्या लेखावर लावला, त लोक पुन्हा तिलेच माही माय समजतीन. तिचं नाव पुन्हा जाईन.” बोलता बोलता त्यांची दृष्टी चित्राच्या त्या भागावर गेली, जो कापला गेला होता. मनकर्णाबाईंच्या मागे, दोन ओळी सोडून, आणखी एक स्त्री होती. पाठमोरी, थोडी अस्पष्ट. “अन हे कोण?”

“ती ना? कोणी मजूर असंल,” दामिनी म्हणाली, आणि वाक्य पुरे होताच तिने जीभ चावली.

संत्री निवडणाऱ्या बायांचे हात तेवढे चालू होते. मग बाजेवरून भगवंतरावांचा आवाज आला.

“शोभा होय ते. शोभा सहारे. मनकर्णा अन ते संगंच वेचे. एकीची ओळ इकडं, दुसरीची तिकडं. वीस वर्सं. तू फोटो काढला तवा तिले विचारलं होतं का?”

“नाही, बाबा.”

“हं,” ते म्हणाले आणि पायांत चपला सारल्या. “चाला.”

शोभाबाईंचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्या दारात बसून तुरी निवडत होत्या. साठीच्या, ठेंगण्या, बोलण्यात कोणाला हार न जाणाऱ्या. भगवंतरावांना पाहताच म्हणाल्या, “मालक तुमी? आज सूर्य कुकडून निंघाला म्हणाचा?”

दामिनीने चित्र दाखवले. शोभाबाईंनी ते डोळ्यांजवळ धरले, दूर धरले. आधी मनकर्णाबाईंकडे पाहिले आणि पदराने नाक पुसले. मग स्वतःकडे पाहिले.

“हे माही पाठ होय? काहून वं दामिनी, पाठमोरीच सापडली का मी तुले?”

“चुकलंच, मावशी. विचारलंही नाही.”

“विचारलं असतं त तोंड फिरवलं असतं ना मी!”

प्रमिलाबाईंनी आपली ओळख दिली. कोणत्या लेखासाठी काय हवे होते, काय चुकले, सारे सांगितले. आईचे चित्र नाही, हेही सांगितले. शोभाबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या उठल्या.

“मंग माहा काढ. पण तोंडाचा काढ. अन थांब, लुगडं बदलू दे.”

“वेचाले जाताना कोणी नवं लुगडं घालते का, शोभा?” भगवंतराव म्हणाले.

“तुमी नका सांगू मालक. वेचाले जाताना कोणी फोटोवाली आणते का?”

दामिनीच्या सांगण्यावरून ऊन उतरेपर्यंत सारे थांबले. चारच्या सुमारास खवसे यांच्या शेतात, अखेरच्या वेचणीच्या कापसात, शोभाबाईंनी हिरवे लुगडे नेसून कमरेला जुनी ओटी बांधली आणि वेचून ती भरली. चित्र प्रमिलाबाईंनी स्वतःच्या मोबाइलने काढले. दामिनी बाजूला उभी राहून सांगत होती, सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा, काकू. हात छातीशी टेकवा. एक काढून थांबू नका. सतरा चित्रे निघाली. शोभाबाईंनी ती एकेक करून पाहिली आणि सोळा नापसंत केली. उरलेल्या एकात त्या ओटीवर हात ठेवून सरळ समोर पाहत होत्या.

तेव्हा प्रमिलाबाईंच्या मनात आणखी एक विचार आला. महिनाभर धुंडाळूनही मुक्त भांडारांत ओटीचे एक चित्र मिळाले नव्हते. हे चित्र तेथे ठेवले, तर उद्या कोणा दुसरीला ते मिळेल. त्यांनी शोभाबाईंना ते समजावून सांगितले.

“म्हंजे कोणीबी घेईन?”

“हो.”

“मले न विचारता?”

“तशी परवानगी आपणच आधी लिहून ठेवतो. फक्त नाव द्या म्हणाचं.”

शोभाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “न विचारता फोटो घेतला म्हणून तू सौंसरवरून माफी मागाले आली. अन आता साऱ्या दुनियेले सांगतं का विचारू नका म्हणून?”

उत्तमराव मोठ्याने हसले. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. प्रश्न योग्य होता आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायचे होते. “दोन्हीत फरक हाय, बाई. ते मी न देता घेतलं होतं. हे तुमी देऊन घेणं होईन. पण एकदा देल्लं का मंग कोण कोठी लावन, हे आपल्या हातात राहत नाही. चांगल्या ठिकाणीही लावतीन, वंगाळ ठिकाणीही. हे मी तुमाले आधीच सांगून ठेवतो.”

शोभाबाईंनी पुन्हा एकदा त्या चित्राकडे पाहिले. कोणी घाई केली नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुह्या मायच्या लेखावर लाव. ते मायसाठी पोरीचं काम हाय. बाकी कोणाले नको. लोकाईले ओटीच पाहाची हाय ना? मंग ओटीचा काढून दे. ओटीले काही तोंड नाही.”

त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि कापसाने भरलेली ओटी तशीच धुऱ्यावर ठेवली. प्रमिलाबाईंनी गुडघे टेकून तिचे चित्र काढले.

परतताना ऑटोपर्यंत भगवंतराव सोबत आले. ऑटो सुरू झाल्यावर ते पुढे वाकून म्हणाले, “मनकर्णेवरही लिवा कधी. दामिनीचा फोटो लावा. शोभाले विचारलं मी, हो म्हणते. पाठ असली तरी चालते म्हणते.” त्यांनी पुढे जोडले, “मजूर नका लिवू. वेचे ते, म्हणून लिवा. ते खरं हाय.”

“तसंच लिहितो, भाऊ.”

ओटीचे चित्र त्याच आठवड्यात एका सार्वजनिक भांडारात गेले, मराठी आणि हिंदी वर्णनासह, नाव द्यावे एवढ्या एकाच अटीवर. वीस जानेवारीच्या सकाळी विहारातून आल्यावर प्रमिलाबाईंनी आईवरचा लेख पुन्हा प्रसिद्ध केला. माथ्यावर हिरव्या लुगड्यातली, समोर पाहणारी स्त्री होती. त्याखाली त्यांनी लिहिले होते, ‘शोभा सहारे, तिगाव. त्यांच्या अनुमतीने, केवळ या लेखापुरते. इतर कोणी घेऊ नये. माझ्या आईचे, जयवंताबाईंचे छायाचित्र माझ्याजवळ नाही.’